रशियन सिनेमा मुंबईला कोणी दाखवला?

मुंबईत रशियन सिनेमा कसा रुजला, असा प्रश्न निघाला की उत्तर ठरलेलं असतं: नेहरूंचं परराष्ट्र धोरण, भारत-सोव्हिएत मैत्री आणि त्या मैत्रीतून भरलेले महोत्सव. सांताक्रूझच्या परिसरात तर या उत्तराला हवा तेवढा पुरावा सापडतो. स्थानकाच्या पश्चिमेला, जुहूच्या चर्च रोडवर, लेखक-दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास राहत असत. व्ही. पी. साठे यांच्यासोबत त्यांनी लिहिलेला ‘आवारा’ हा चित्रपट १९५४ साली सोव्हिएत संघात पोहोचला आणि तिथे त्याची सहा कोटींहून अधिक तिकिटं विकली गेली. त्या वर्षी मॉस्कोला गेलेल्या भारतीय सिनेमावाल्यांच्या शिष्टमंडळात अब्बास होते, तसे नट बलराज साहनीही होते, आणि तेही जुहूकरच. स्थानकाच्या पूर्वेला, कलिन्याच्या विद्यानगरीत, मुंबई विद्यापीठात रशियन भाषा शिकवली जाते. एवढं सगळं पाहिल्यावर रशियन सिनेमाची गोडी मैत्रीनेच लावली असं कोणालाही वाटेल. मला ते पटत नाही. मैत्रीने रिळं दिली, पाहुणे दिले, हारतुरे दिले. तो सिनेमा पाहायची नजर मात्र दुसरीकडे घडली, आणि बऱ्याच अंशी त्या मैत्रीच्या अपेक्षेबाहेर घडली.

मैत्रीची सगळ्यात मोठी सिनेमाई कमाई म्हणजे १९५७ चा ‘परदेसी’, भारत आणि सोव्हिएत संघ यांची पहिली सहनिर्मिती. अब्बास आणि वासिली प्रोनिन यांनी तो मिळून दिग्दर्शित केला. विषय अस्सल आपल्या मातीतला होता. त्वेर शहरचा व्यापारी अफानासी निकितिन पंधराव्या शतकात एक घोडा विकायला घेऊन समुद्रमार्गे चौलला उतरला. उघड्या डोक्याने, केसांची एकच वेणी घालून हिंडणारी माणसं पाहून त्याला वाटलेलं नवल त्याने टिपून ठेवलं आहे. तिथून तो घाट चढून जुन्नरला गेला. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर घोडाही देतो आणि वर मोहराही देतो, असा पेच टाकला. पुढे एका मुसलमान गृहस्थाच्या मध्यस्थीने घोडा परत मिळाला आणि निकितिन बिदरच्या वाटेला लागला. एवढी नाट्यमय सामग्री हाताशी होती. ओलेग स्त्रिझेनॉव्ह, नर्गिस, पद्मिनी, बहमनी वजीर महमूद गवानच्या भूमिकेत पृथ्वीराज कपूर आणि सखाराम नावाच्या माणसाच्या भूमिकेत बलराज साहनी असा नटसंच होता. १९५८ साली कान महोत्सवाच्या स्पर्धेतही तो दाखवला गेला. इतकं असून आपल्याकडच्या आठवणीत ‘परदेसी’ उरला तो मुख्यतः अनिल विश्वास यांच्या संगीतामुळे. चौलजवळ रेवदंड्याला शाळेच्या आवारात निकितिनचं स्मारक आहे, पण ‘परदेसी’ पाहून कोणी रशियन सिनेमाकडे वळल्याचं दिसत नाही. दोन्ही देशांना रुचेल अशा बेताने तो रचला होता. त्यामुळे त्यात रशियन सिनेमाची स्वतःची अशी भाषा फारशी उरलीच नाही.

ती भाषा ज्यांनी घडवली होती त्यांची चित्रं निराळ्याच वाटेने आली. ब्रिटिश अमदानीत सोव्हिएत क्रांतिपटांकडे सरकार संशयाने पाहत असे, त्यामुळे आयझेनस्टाइन आणि पुदोव्किन ही नावं आपल्याकडे चित्रं पोहोचण्याआधी पुस्तकांतून आली. १९५१ च्या सुमारास पुदोव्किन स्वतः नट निकोलाय चेर्कासोव्हसह भारतात येऊन गेले. पण पाहुणा येऊन गेल्याने पाहण्याची सवय लागत नाही. ती लागली फिल्म सोसायट्यांमुळे. आयझेनस्टाइनचं चरित्र लिहिणाऱ्या मारी सीटन यांनी पन्नासच्या दशकात भारतभर हिंडून चित्रपट कसा पाहावा यावर व्याख्यानं दिली. १९५९ साली सोसायट्यांचा महासंघ स्थापन झाला. पुण्यात प्रभातच्या जागेवर १९६० मध्ये चित्रपट संस्था आली, १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं, आणि पी. के. नायर यांनी जमवलेल्या संग्रहातल्या प्रिंट सोसायट्यांकडे फिरू लागल्या. १९६८ साली सुधीर नांदगावकर आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू केलं. या चळवळीचं वैशिष्ट्य असं की मराठीतून चर्चा, मराठीतून टिपणं, आणि पुढे ‘वास्तव रूपवाणी’सारखं स्वतःचं नियतकालिक. उपनगरांतून लोकल पकडून खेळाला येणाऱ्या नोकरदारालाही आयझेनस्टाइनविषयी बोलायला शब्द मिळाले ते इथे.

पाहायला शिकणं म्हणजे नेमकं काय, हे ‘बॅटलशिप पोटेमकिन’मधल्या एका छोट्याशा तुकड्यावरून दाखवता येईल. सगळे ओडेसाच्या पायऱ्यांबद्दल बोलतात. मी त्यानंतर लगेच येणाऱ्या तीन दगडी सिंहांबद्दल बोलतो. क्रिमियातल्या अलुप्का इथल्या राजवाड्यात हे पुतळे आहेत: एक झोपलेला, एक जागा झालेला, एक उठून बसलेला. आयझेनस्टाइनने त्यांची तीन छोटी दृश्यं एकापुढे एक जोडली, आणि पडद्यावर एकच सिंह संतापाने उठतो. दगड हलत नाही. हलतं ते पाहणाऱ्याचं मन. १९२५ च्या या मूकपटात एकही बडा नट नाही, गाणं नाही, नायक-नायिकेची गोष्ट नाही. तरीही कलकत्ता फिल्म सोसायटीने १९४७ साली याच चित्रपटाने सुरुवात केली आणि पुढच्या पिढ्यांचं तो पाठ्यपुस्तक झाला. पुण्याच्या चित्रपट संस्थेत सतीश बहादुर विद्यार्थ्यांना चित्रपटाची एकेक चौकट उलगडून दाखवत. दिग्दर्शक ऋत्विक घटक साठच्या दशकाच्या मध्याला तिथे शिकवत होते, आणि आयझेनस्टाइनचं ऋण ते उघड मान्य करत. त्यांचे विद्यार्थी मणी कौल यांनी मात्र ‘उसकी रोटी’त जोडणीच्या या तंत्राकडे पाठ फिरवली आणि फ्रेंच दिग्दर्शक ब्रेसाँचा रस्ता धरला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. प्रचाराला बळी पडलेला माणूस असा वाद घालत नाही.

इथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. या सोसायट्यांना चित्रं पुरवली कोणी? सोव्हिएत वकिलातीने आणि चित्रपट परदेशी पाठवणाऱ्या सरकारी सोव्हएक्सपोर्टफिल्मनेच ना? मग मैत्रीचं श्रेय का नाकारायचं? पुरवठ्याचं श्रेय मी नाकारत नाही. पण सोसायट्यांत कोणाची नावं आदराने घेतली गेली ते बघा. तारकोव्हस्कीचा ‘आंद्रेई रुब्लेव्ह’ १९६६ मध्ये पुरा झाला, तरी मायदेशात प्रदर्शित व्हायला १९७१ उजाडलं. ‘इव्हान द टेरिबल’चा दुसरा भाग १९४६ मध्ये दडपला गेला तो १९५८ पर्यंत, आणि तोवर आयझेनस्टाइन जाऊन दहा वर्षं झाली होती. दिग्दर्शक पाराजानॉव्हला तर १९७३ मध्ये अटकच झाली. तारकोव्हस्कीने १९८४ साली मिलानमध्ये मायदेशी न परतण्याचं जाहीर केलं आणि दोन वर्षांनी पॅरिसमध्ये त्याचा अंत झाला. मैत्रीचं खातं ज्यांना पुढे करायला बिचकत होतं, नेमके तेच इथल्या रसिकांनी उचलून धरले. शिवाय आपण सरसकट रशियन म्हणतो त्यांत दोवझेन्को युक्रेनचा, कालातोझॉव्ह जॉर्जियातला, पाराजानॉव्ह आर्मेनियन कुळातला. हा फरकही सोसायट्यांतल्या चर्चांतूनच आपल्याला कळत गेला.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: हे सगळं मूठभर शिकलेल्या लोकांचं होतं. हे खरंच आहे, आणि ते मान्य करायला हवं. घाटकोपरच्या चिरागनगरात राहणाऱ्या अण्णा भाऊ साठे यांचा रशिया आठवा. स्टालिनग्राडचा पोवाडा त्यांनी रचला, १९६१ साली ते तिकडे जाऊन आले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. कामगारवस्तीतल्या मराठी माणसाला रशिया भेटला तो पोवाड्यातून, सभांतून, स्वस्त पुस्तकांतून. सिनेमाचा पडदा तिथवर पोहोचला नाही. चित्राखालच्या इंग्रजी पाट्या हे त्याचं एक साधं कारण. सभासदांपुरते खेळ हे दुसरं. ‘आवारा’ने कोट्यवधी रशियनांना आपलंसं केलं, उलट्या दिशेने तसं कधीच घडलं नाही, आणि ही फिल्म सोसायटी चळवळीची मोठी उणीव आहे. पण त्यानेही माझा मुद्दा ढासळत नाही. दोन्ही दिशांना सरकारं तितक्याच उत्साहाने मागे उभी होती. तरी निकाल एवढे निराळे लागले, याचा अर्थ रसिकता सरकारी करारातून येत नाही, एवढाच निघतो.

खरी परीक्षा १९९१ नंतर झाली. सोव्हिएत संघ गेला, त्याबरोबर त्या मैत्रीचे महोत्सव आणि स्वस्त पुस्तकं गेली. गोडी त्या पुरवठ्यावरच उभी असती तर तीही तेव्हाच आटली असती. झालं उलटंच. अरुण खोपकर यांच्यासारख्या आयझेनस्टाइनच्या अभ्यासकाचं मराठी लेखन त्यानंतरही बहरत राहिलं, आणि २०१५ साली त्यांच्या ‘चलत्-चित्रव्यूह’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गोव्यातल्या इफ्फीत आणि मुंबईतल्या महोत्सवांत सोकुरोव्ह, झ्व्यागिन्त्सेव्ह या रशियन दिग्दर्शकांच्या चित्रांना रांगा लागल्या. २०११ पासून मोसफिल्मने आपला जुना संग्रह इंटरनेटवर फुकट खुला केला आहे, त्यामुळे आज सांताक्रूझच्या कोणत्याही घरात ‘बॅलड ऑफ अ सोल्जर’ पाहता येतो. अडचण आता प्रिंट मिळण्याची राहिलेली नाही. खेळ संपल्यावर दिवे लागतात तेव्हा शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी माणसाशी मराठीतून वाद घालायला जी जागा लागते, ती उपनगरांत फार थोडी उरली आहे. खाली मराठी पाट्या असलेला रशियन चित्रपट तर अजूनही शोधावाच लागतो.