रक्ताचे रहस्य आणि माहुलीचा मुलगा

शहापूर तालुक्यातील माहुलीच्या किल्ल्यावर 1636 साली निजामशाही संपली. शहाजीराजांनी 1633मध्ये गादीवर बसविलेला अल्पवयीन मूर्तझा निजामशहा मोगलांच्या स्वाधीन झाला. ऐतिहासिक कादंबरीच्या वाचकाला हा प्रसंग ओळखीचा असतो, पण त्यातल्या मुलाकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते. मराठी अद्भुतरम्य कथनाची एक जुनी रूढी तपासायची, तर आरंभ या मुलापासून करावा असे मला वाटते.

ही रूढी म्हणजे निषिद्ध प्रेम आणि लपलेले कुळ यांची जोडी. तिचे सामान्य रूप सर्वपरिचित आहे. हीनकुलीन म्हणून नाकारला गेलेला प्रियकर अखेरीस एखाद्या खुणेवरून उच्चकुलीन ठरतो आणि प्रेमाचा मार्ग मोकळा होतो. येथे निषेध मोडला असे वाटते, पण प्रत्यक्षात तो मुळीच मोडलेला नसतो. प्रेम निषिद्ध नव्हतेच, एवढेच सिद्ध होते. उत्कंठेच्या सोयीसाठी हे केले जाते, हे स्पष्टीकरण अपुरे आहे. कुळ हे लपविण्याजोगे रहस्य आहे, असे लेखकाने आणि वाचकाने आधी मान्य केलेले असावे लागते.

हरि नारायण आपटे यांची 'वज्राघात' ही या रूढीची सर्वांत गंभीर परिणती होय. रामराजा आणि मेहेरजान यांच्या प्रेमाआड धर्म येतो. सत्तेच्या ओढीने रामराजा तिला टाकून कृष्णदेवरायाचा जावई होतो. त्यांचा मुलगा रणमस्तखान या नावाने विजापूरच्या पक्षात वाढतो, आणि आपला बाप कोण हे त्याला ठाऊक नसते. 1565च्या राक्षसतागडीच्या लढाईत हाच मुलगा बापाच्या नाशाला कारण होतो. ओळख पटल्याने येथे कोणाचीच सुटका होत नाही, आणि हीच आपट्यांची थोरवी. तरीही मिश्र रक्त त्यांच्या कल्पनेत पुरून ठेवलेल्या सुरुंगासारखेच राहते. त्याचे दुसरे काही होऊ शकेल, ही शक्यता कादंबरीला सुचत नाही.

इतिहासात मात्र रामरायाचा शिरच्छेद हुसेन निजामशहाने करविला, आणि या निजामशहाचे स्वतःचे कुळ कोणते? फिरिश्त्याच्या वृत्तांतानुसार निजामशाहीच्या संस्थापकाचा पिता मलिक हसन हा मूळचा पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला. विजयनगरच्या मुलखात बहमनी फौजेच्या हाती तो लागला आणि मुसलमान झाला. म्हणजे विजयनगरच्या सत्ताधीशाचे मस्तक उतरविणाऱ्या घराण्याचा उगमही विजयनगरच्या वाटेवरच आहे. आपट्यांनी योजिलेल्या योगायोगापेक्षा हा योगायोग मोठा. पण येथे रहस्य कोठेही नाही. बुऱ्हाण निजामशहाने पाथरीवर हक्क सांगितला तो पूर्वजांचे गाव म्हणूनच, आणि वऱ्हाडच्या इमादशहाने नकार देताच ते बळाने घेतले. जे कुळ कादंबरीने लपविले असते, ते येथे राजकीय मागणीचा आधार झाले आहे. रक्ताच्या शुद्धतेची जी धास्ती आपण मध्ययुगावर लादतो, ती बरीचशी शिरगणती आणि जातवार कोष्टके आणणाऱ्या एकोणिसाव्या शतकाची आहे.

ना. सं. इनामदार यांच्या 'राऊ'मध्ये (1972) ही पळवाट बंदच आहे. मस्तानी कोण, हे सगळ्या पुण्याला माहीत असल्यामुळे शेवटी एखादे लॉकेट उघडून तिला सोडविता येत नाही. निषेधाला तोंड देण्यावाचून कादंबरीला गत्यंतर उरत नाही, आणि तिचे बळही तेथेच आहे.

निजामशाहीचा भूगोल या दोन तालुक्यांना फार जवळचा. 1490 साली मलिक अहमद स्वतंत्र झाला तो जुन्नरास. जुन्नरहून नाणेघाट उतरला की मुरबाडच्या हद्दीतले वैशाखरे लागते, आणि तेथून कोकणातून उत्तरेकडे माहुली फार लांब नाही. आरंभ घाटमाथ्यावर, शेवट घाटाखाली. या शेवटच्या मुलाच्या अंगी राजकुळाचे रक्त किती, हा प्रश्न शहाजीराजांच्या राजकारणाला अडला नाही. मुलाला निजामशहा म्हटले की त्याच्या नावाने कारभार चालविता येत होता, फौज उभी राहत होती. तीन वर्षे ते नाव पुरले. मोगलांनाही माहुलीवर हवे होते ते तेच नाव, आणि त्यासाठीच त्यांनी मूल मागून घेतले.