काचेवरची रबरी कड : वायपरचा इतिहास आणि नांदेड–लातूरचा रस्ता

१/ मराठवाड्यात मृगाची पहिली सर कोसळते, तेव्हा मोटारीच्या काचेवर आधी चिखल उतरतो. उन्हाळाभर साचलेली धूळ आणि पहिले पाणी यांचा तो लेप असतो. तो पुसण्याचे काम एका अरुंद रबरी कडेवर सोपवलेले असते. त्या कडेला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. #थ्रेड

२/ अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या मेरी अँडरसन १९०२ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेल्या होत्या. हिमवर्षावात ट्रामचालकाला समोरचे दिसेना, म्हणून तो काच उघडी ठेवून गारठत गाडी हाकत होता. काच बंद ठेवूनही ती बाहेरून पुसता येईल का, या प्रश्नातून वायपर जन्माला आला.

३/ १० नोव्हेंबर १९०३ रोजी त्यांना पेटंट मिळाले. रचना साधी होती : आत एक दांडी, बाहेर रबरी पट्टी लावलेला हात आणि तो काचेवर दाबून धरणारी योजना. पाऊस-बर्फ नसताना तो हात काढून ठेवण्याचीही सोय होती.

४/ १९०५ मध्ये एका कॅनेडियन कंपनीने या शोधाला व्यापारी मूल्य नाही असे कळवून तो नाकारला. १९२० मध्ये पेटंटची मुदत संपली आणि मोटारी वाढल्या त्या नेमक्या त्यानंतर. अँडरसन यांना या शोधातून पैसा मिळाला नाही. अमेरिकेच्या संशोधक सन्मानदालनात त्यांचे नाव लागले ते २०११ मध्ये.

५/ हाताने फिरवायच्या वायपरनंतर इंजिनाच्या शोषणशक्तीवर चालणारे वायपर आले. त्यांचा दोष विचित्र होता. चढावर चालकाने पेडल दाबले की शोषण घटे आणि वायपर मंदावे. भर पावसात, घाट चढताना, नेमक्या गरजेच्या क्षणी तो साथ सोडी. पुढे विजेच्या मोटरने हा दोष दूर केला.

६/ थांबून थांबून फिरणारा वायपर ही रॉबर्ट कर्न्स यांची १९६० च्या दशकातील कल्पना. एका अपघातात त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. पापणी लवते तसा वायपर लवावा, हे त्यांना सुचले. मोठ्या मोटार कंपन्यांशी ते वर्षानुवर्षे न्यायालयात लढले. १९९० मध्ये फोर्डने त्यांच्याशी एक कोटी डॉलरहून अधिक रकमेची तडजोड केली.

७/ आता मराठवाडा. नांदेड मनमाड–हैदराबाद लोहमार्गावर आले. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी पोहोचली. मार्ग निराळे, रुळांची रुंदीही निराळी. साहजिकच या दोन गावांमधील व्यवहाराचा भार सडकेवर राहिला. लोहा, अहमदपूर या गावांवरून जाणारी ती वाट आज राष्ट्रीय महामार्ग ३६१ चा भाग आहे.

८/ हा सारा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाच्या रेल्वे खात्याने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६१ मध्ये येथील सरकारी बससेवा एसटी महामंडळात मिळाली.

९/ जुन्या चालकांजवळ वायपर बंद पडल्यावरचा एक उपाय असे : काचेवर ओला तंबाखू चोळायचा. त्यामुळे पाण्याचे थेंब न साचता सपाट थर वाहून जाई. हा उपाय तात्पुरताच होता. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०१ ने काच असलेल्या मोटारींना यंत्रशक्तीवर चालणारा कार्यक्षम वायपर बंधनकारक केला.

१०/ डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि मोटार हळूहळू मध्यमवर्गाच्या अंगणात शिरली. गाडीला पगारी चालक असण्याचे दिवस मागे पडले. वायपर तपासण्याची जबाबदारीही त्यासोबत कुटुंबावर आली.

११/ एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा प्रदेशात वायपर क्वचितच वापरला जातो, म्हणून तो टिकत असेल असे वाटते. प्रत्यक्षात रबराला पावसापेक्षा ऊन अधिक मारते. अतिनील किरण आणि हवेतील ओझोन त्याचे रेणू तोडतात. कड कडक होते, तडकते. गाडी उभी असतानाही हे चालूच राहते.

१२/ दुसरा शत्रू धूळ. कोरड्या काचेवर वायपर फिरवला की धुळीचे कण काचेवर कायमचे ओरखडे काढतात. रात्री समोरून येणाऱ्या ट्रकचा प्रकाश त्या ओरखड्यांत फुटतो आणि क्षणभर रस्ता दिसेनासा होतो. म्हणून आधी पाणी मारावे, मग वायपर फिरवावा.

१३/ बदलण्याची वेळ कशी ओळखावी? काचेवर पाण्याच्या रेघा उरणे, करकर आवाज, ब्लेडचे थरथरणे, कडेला भेगा. मराठवाड्यात वर्षातून एकदा, मृगाआधी, ब्लेड बदलणे हिताचे. शेतकरी पावसाआधी मशागत उरकतो, तोच न्याय.

१४/ निवडताना दोन्ही बाजूंची लांबी मोजावी, कारण चालकाकडील ब्लेड बहुधा लांब असते. हाताच्या टोकाची जोडणी जुळते का पाहावे. सांगाड्याचे ब्लेड स्वस्त पडते. सपाट ब्लेड वक्र काचेवर सारखा दाब देते. सांगाडा शाबूत असेल आणि मापाची रबरपट्टी मिळाली, तर तेवढीच बदलूनही भागते.

१५/ बदलताना हात उचलण्याआधी काचेवर जाड टॉवेल पसरावा. ब्लेड निघालेला हात स्प्रिंगच्या जोराने आपटला, तर शंभर-दोनशे रुपयांची बचत काच फोडून बसते. खटका दाबून जुने ब्लेड सरकवावे, नवे ‘कट्’ असा आवाज येईपर्यंत बसवावे आणि ओल्या काचेवर फिरवून पाहावे.

१६/ अँडरसन यांच्या आराखड्यात कोरड्या दिवसांत वायपर काढून ठेवता येत असे. आजचा वायपर मात्र मराठवाड्याचा सारा उन्हाळा काचेवरच काढतो. त्यामुळे जूनच्या पहिल्या सरीत अहमदपूरच्या पुढे रस्ता दिसेल की नाही, हे मे महिन्यातल्या दहा मिनिटांवर ठरते.