इंजिन चालू, पाणी बंद: विहिरीवरच्या एका बिघाडाचा इतिहास 🧵

१/ उन्हाळा. विहिरीवर डिझेल इंजिन धडधडते आहे, पण पाटात थेंब नाही. माजलगाव तालुक्यातील दिंद्रुडसारख्या गावांत पूर्वी हा प्रसंग नवा नव्हता. दोष शोधायचा कुठे? या प्रश्नाची मुळे थेट १७व्या शतकातील इटलीत जातात.

२/ मराठवाड्यात शतकानुशतके मोटेने पाणी उपसले जाई. जर्मनीत रुडॉल्फ डिझेलचे इंजिन १८९७ मध्ये यशस्वी ठरले. पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. पुढे पाच अश्वशक्तीचे इंजिन आले आणि मोटेचे बैल मोकळे झाले.

३/ या इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेटते. म्हणून आधी दाब सोडणारा खटका उचलायचा, हँडल फिरवून वेग द्यायचा, मग खटका सोडायचा.

४/ तरीही सुरू होत नसेल, तर पहिला संशय डिझेलच्या नळीतील हवेवर. नट सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यायचे. काळा धूर दिसला तर एअर फिल्टर किंवा जादा भार तपासायचा. निळा धूर म्हणजे वंगण जळते आहे.

५/ इंजिन ठीक असेल, तर पंपाकडे वळायचे. फूटव्हॉल्व्ह गळतो का? सक्शन पाइपच्या सांध्यातून हवा शिरते का? पंपात पाणी भरले होते का?

६/ हेही सारे ठीक असेल तर? १६३८च्या ग्रंथात गॅलिलिओने असाच प्रसंग दिला आहे. पंप बिघडला म्हणून कारागीर बोलावला. तो म्हणाला, दोष पंपात नाही, पाणीच फार खाली गेले आहे.

७/ कारण लवकरच उलगडले. १६४३-४४च्या सुमारास टॉरिचेलीने दाखवले की पंप पाणी ‘ओढत’ नाही. वातावरणाचा दाब ते वर ढकलतो. हा दाब पाणी फार तर १० मीटर चढवतो. व्यवहारात ६-७ मीटरच.

८/ १९७२च्या दुष्काळासारख्या काळात विहिरींनी तळ गाठला, की ही मर्यादा शेतकऱ्याला पोथीविना कळे. मग इंजिनच विहिरीतील कपारीवर उतरवले जाई. पाणी येई, पण धुरातील कार्बन मोनॉक्साइड तळाशी कोंडे. त्याला रंग नाही, वास नाही. अशा विहिरींत उतरलेली माणसे गुदमरून गेली आहेत.

९/ पाण्यात बुडून खालून पाणी ढकलणाऱ्या विजेच्या पंपाने ही मर्यादा ओलांडली. मात्र मर्यादा सुटताच बोअर खोल गेले, आणि पाणीही.

१०/ गॅलिलिओच्या कारागिराचे निदान म्हणूनच आजही जुने झालेले नाही: यंत्र उघडण्याआधी विहिरीत डोकावून पाहावे.

तुमच्या आजोबांच्या विहिरीवर कोणते इंजिन होते? विचारून नक्की सांगा.