जळायचे आणि टिकायचेही : टू-स्ट्रोक तेलाची गोष्ट

कोकणातल्या समुद्राकाठच्या एका गावात काही वर्षांपूर्वी पाहिलेला हा प्रसंग आहे. वादळात पडलेली झाडे कापण्यासाठी तिथल्या एका बागायतदारांनी चेन-सॉ, म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत, घेतली होती. तिचे तेल संपले तेव्हा त्यांनी शेजारच्या मच्छीमाराकडून होडीच्या इंजिनाचे तेल आणले. दोन्ही डब्यांवर ‘टू-स्ट्रोक ऑइल’ असेच लिहिलेले होते. करवत काही आठवडे चालली आणि एके दुपारी जी अडकली ती अडकलीच. उघडून पाहिले तर दट्ट्यावर (पिस्टनवर) उभे ओरखडे होते आणि त्याच्या रिंगा खाचेत घट्ट चिकटल्या होत्या. होडी मात्र त्याच तेलावर वर्षानुवर्षे चालत होती. असे का व्हावे? उत्तरासाठी थोडे मागे जायला हवे.

१८९१ साली इंग्लंडमधील बाथ शहरात जोसेफ डे या अभियंत्याने एका नव्या इंजिनाचे पेटंट घेतले. इंजिनाच्या तळाशी क्रँक फिरतो ती बंद पेटी त्याने पंपासारखी वापरली. दट्ट्या वर गेला की हवा आणि इंधन या पेटीत खेचले जाते. तो खाली आला की तेच मिश्रण वर सिलिंडरमध्ये ढकलले जाते. पुढच्याच वर्षी डे यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या फ्रेडरिक कॉक याने उरलीसुरली झडपही काढून टाकली. सिलिंडरच्या भिंतीतली छिद्रे उघडण्याचे व मिटण्याचे काम आता दट्ट्याच करू लागला. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट, हलणारे भाग अगदी थोडे, आणि वजन कमी!

पण या सोयीची किंमत होती. मोटारीच्या चार धावांच्या इंजिनात तळाच्या भांड्यात तेल साठवलेले असते आणि तेच पुन्हा पुन्हा फिरते. डे यांच्या इंजिनात त्या जागेतून इंधनच वाहते. तेल साठवायचे कुठे? सुरुवातीला ते थेंबथेंब सोडत; पुढे सरळ पेट्रोलमध्येच मिसळण्याची पद्धत रूढ झाली. म्हणजे टू-स्ट्रोकच्या तेलाला दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात. आधी तापलेल्या धातूवर चिकटून राहायचे, आणि मग काही मागे न ठेवता जळून जायचे. पुढचा सारा इतिहास या दोन मागण्यांचा मेळ घालण्याचा आहे.

पहिली मागणी उत्तम पुरवणारे तेल आपल्या ओळखीचेच होते, ते म्हणजे एरंडेल. बैलगाडीच्या कण्याला ते आपल्याकडे पूर्वीपासून लावत. त्यातील बहुतांश मेदाम्ल हे रिसिनोलेइक आम्ल असते. त्याच्या साखळीवर एक जादा हायड्रॉक्सिल गट असतो. त्यामुळे रेणू धातूला घट्ट धरून राहतो. पहिल्या महायुद्धातील अनेक विमानांच्या इंजिनांत एरंडेलच वापरले जाई. ‘कॅस्ट्रॉल’ हे नावही एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच आले आहे. पण दुसऱ्या मागणीत एरंडेल नापास झाले. उष्णतेने त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन चिकट राळ तयार होते. शिवाय पेट्रोलमध्ये ते नीट मिसळून राहत नाही. म्हणून सर्वसाधारण वापरात खनिज तेल आले.

याच काळात जर्मनीत यांत्रिक करवत जन्माला येत होती. १९२७ साली एमिल लेर्प याने थुरिंगिया भागातील डोलमार डोंगरावर आपली पेट्रोलची करवत चालवून पाहिली. तिचे वजन होते ५८ किलो. आंद्रेआस श्टील याने १९२६ मध्ये विजेची आणि १९२९ मध्ये पेट्रोलची करवत बनवली. तीही दोन माणसांनी उचलायची होती. १९५९ पर्यंत याच कंपनीची करवत सुमारे १२ किलोंवर आली आणि एकटा माणूस ती चालवू लागला. करवत आडवी, तिरकी, कशीही धरावी लागते. तळाच्या भांड्यातले तेल अशा वेळी भलतीकडे जाईल. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल मात्र सगळीकडे पोचते. टू-स्ट्रोकचा दोष इथे गुण ठरला.

आता आपल्या कोड्याकडे येऊ. होडीचे इंजिन भोवतालचे पाणी खेचून स्वतःला थंड ठेवते. करवतीच्या इंजिनाला फक्त पंख्याचा वारा मिळतो, आणि ते मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेते. तिचा दट्ट्या खूपच तापतो. मोटारीच्या तेलात कॅल्शियम, जस्त अशा धातूंची संयुगे असतात. ती जळाली की राख उरते आणि प्लगवर बसते. म्हणून होडीसाठी राख न देणारी तेले तयार झाली. १९९० च्या दशकात आलेले ‘टीसी-डब्ल्यू ३’ हे त्यांचे मानक. यातला ‘डब्ल्यू’ म्हणजे पाण्याने थंड होणारे. पण राख टाळताना, भर उष्णतेत रिंगा स्वच्छ ठेवणारी धातूंची संयुगेही त्यातून गेली. करवतीला ती थोड्या प्रमाणात हवीच असतात. बागायतदारांचे तेल वाईट नव्हते. ते दुसऱ्या इंजिनासाठी होते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी १९९४ साली जपानमध्ये ‘जासो’ मानकाच्या एफए, एफबी, एफसी या श्रेणी ठरल्या. पुढे एफडी आली. वंगणशक्ती, स्वच्छता आणि धूर यांची चाचणी त्यात घेतली जाते. करवतीच्या तेलाच्या डब्यावर पाहायची ती ही अक्षरे.

धुराचा प्रश्न केवळ इंजिनाचा नाही. करवत चालवणाऱ्याचे नाक धुराड्यापासून हातभर अंतरावर असते. जड खनिज तेलाच्या जागी पॉलिआयसोब्युटिलीन घातले की धूर कमी होतो, कारण तापल्यावर त्याची लांब साखळी तुटून लहान रेणू सुटतात आणि ते जळून जातात. आपल्याकडे स्कूटरवाले “थोडे जास्तच टाक” म्हणून पंपावर सुटे तेल ओतून घेत. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशानंतर सुट्या तेलाची विक्री बंद झाली आणि तेल मिसळलेले पेट्रोलच देणे सुरू झाले. जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षितता, ही समजूतही तपासायला हवी. तेल वाढले की तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल कमी पडते, इंजिन अधिक तापते आणि काजळीही वाढते.

वर्गात एक साधे गणित द्यावे : ५ लिटर पेट्रोलला ५०:१ प्रमाणात किती तेल लागेल? १०० मिलिलिटर. २५:१ ला त्याच्या दुप्पट. त्यानंतर मुलांना विचारावे, की एरंडेल, होडीचे तेल आणि मोटारीचे तेल यांपैकी ‘चांगले’ कोणते? थोड्याच वेळात एखादी मुलगी उलट विचारील, “पण सर, कशासाठी चांगले?” तिला पाठ समजला, असे खुशाल मानावे.