नाव लावायचा हक्क

सोलापूरहून अक्कलकोटला निघालात की वाटेत आमचं वळसंग लागतं. या पट्ट्यात सोलापुरी चादर म्हणजे काय, ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जेकार्डचा माग कुणीही बसवू शकतो, सूत कुणालाही मिळतं, नक्षी बघून उतरवता येते. पण ‘सोलापुरी चादर’ हे नाव भौगोलिक निर्देशांक म्हणून नोंदलेलं आहे, ते पानिपतच्या चादरीवर लावता येत नाही. (लावतात, तो भाग वेगळा.)

ओपन सोर्सच्या जगातही हेच चालतं. कोड घ्या, बदला, वाटा, पण नाव आमचं. माझ्या पहिल्या नोकरीत सर्व्हरवर सेंटॉस होतं. रेड हॅटच्या लिनक्सचा खुला कोड घेऊन, त्यातली नावं-लोगो खरवडून ते पुन्हा बांधलेलं असे. २००५ साली रेड हॅटच्या वकिलांचं पत्र आलं आणि सेंटॉसवाल्यांनी मूळ कंपनीचा उल्लेखच बंद केला. ‘उत्तर अमेरिकेतला एक नामांकित लिनक्स विक्रेता’ अशा थाटात ते लिहायला लागले. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसंच.

पुढच्याच वर्षी डेबियन आणि मोझिला भांडले. मोझिलाचं म्हणणं, फायरफॉक्स हे नाव वापरायचं तर आमचा लोगो लावा आणि कोडमधले बदल आम्हाला दाखवून घ्या. लोगोचा परवाना डेबियनच्या नियमांत बसत नव्हता, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या परवानगीसाठी अडवून ठेवणं त्यांना परवडणारं नव्हतं. त्यांनी नाव बदलून आइसवीझल केलं. आगीच्या कोल्ह्याचं झालं बर्फाचं मुंगूस! हे दहा वर्षं चाललं. २०१६ साली समेट झाला. माझ्या मते दोघांचंही बरोबर होतं, आणि ब्राउझर वापरणाऱ्याचं काहीच बिघडलं नाही.

अँड्रॉइडची गोष्ट इतकी साधी नाही. त्याचाही कोड खुला आहे. पण ‘अँड्रॉइड’ हे नाव आणि प्ले स्टोअर हवं असेल, तर गूगलने आखलेली सुसंगततेची नियमावली पाळायची आणि सीटीएस नावाच्या चाचण्यांचा ढीग पास करायचा. इथवर माझी तक्रार नाही. पुण्यात बसून लिहिलेलं ॲप शंभर कंपन्यांच्या फोनवर चालायचं, तर अशी कसोटी लागतेच.

खरी गोम पुढच्या करारात होती. प्ले स्टोअर हवं असलेल्या कंपनीने अँड्रॉइडमधून फुटलेली, चाचणीत न बसणारी दुसरी सिस्टिम आपल्या कुठल्याच फोनवर घालायची नाही. वेगळं नाव देऊनसुद्धा नाही! सप्टेंबर २०१२ मध्ये एसर कंपनी अलीबाबाच्या अलियुन सिस्टिमचा फोन चीनमध्ये आणणार होती. गूगलने हरकत घेतली आणि कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला. अलियुन हा अँड्रॉइडचाच अवतार की नाही, यावर दोघं भांडत राहिले. चादरीच्या भाषेत सांगायचं, तर सोलापुरी नाव लावायचं असेल तर दुसरी कसलीच चादर विणायची नाही, अशी ही अट.

भारतात या अटीवर बोट ठेवलं ते स्पर्धा आयोगाने. २० ऑक्टोबर २०२२ च्या आदेशात गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड झाला आणि कंपन्यांना फुटीर सिस्टिम बनवण्यापासून अडवू नका, असंही बजावलं. सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारल्यावर जानेवारी २०२३ मध्ये गूगलने भारतापुरते नियम सैल करत असल्याचं जाहीर केलं. मार्चमध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, मात्र आयोगाचे काही आदेश रद्द केले.

तुमचा फोन या कसोटीतून गेलाय का, ते लगेच बघता येतं. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ उघडा. तळाशी, सहसा कुणी जात नाही अशा ठिकाणी, प्रमाणपत्राची एक ओळ असते.