समाईक हित आणि पठारावरचे पाणी

२३. समाईक हित : कॅथलिक सामाजिक शिकवणीचा पाया. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ‘गाउदियुम एत स्पेस’ (१९६५) या दस्तऐवजानुसार पृथ्वीची संपत्ती सर्वांसाठी आहे. खासगी मालकी मान्य, पण मालकाने आपले धन इतरांच्याही उपयोगाचे मानावे. पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ (२०१५) या परिपत्रात पिण्याचे सुरक्षित पाणी हा मूलभूत मानवी हक्क मानला. पुणे जिल्ह्यातील आणे पठारासारख्या अवर्षणप्रवण भागात या विचाराची खरी कसोटी विहिरीवर लागते. शेजारच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी हा विचार कृतीत आणला. त्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात श्रमदान, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी गावाने मिळून स्वीकारायची असे. माथ्यापासून पायथ्यापर्यंतचे शिवार एकच मानले जाई. संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे त्याचे ठळक उदाहरण. चराईबंदीची झळ मात्र शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्या भूमिहीनांना आधी लागते. म्हणून वाढलेल्या पाण्यात, चाऱ्यात आणि रोजगारात त्यांचा वाटा आधी ठरला, तरच ते हित समाईक म्हणावे. — संपा.