ड्रिपिंग पॅन : सभासदांच्या मालकीचे मैदान आणि लुईसचा फुटबॉल क्लब

इंग्लिश फुटबॉल म्हटले की मँचेस्टर युनायटेड, आर्सेनल, लिव्हरपूल ही नावे सहज ओठांवर येतात. प्रीमियर लीग व तिच्याखालील तीन व्यावसायिक विभाग मिळून ९२ क्लब होतात. त्याखाली पसरलेल्या शेकडो छोट्या क्लबांच्या विश्वाला ‘नॉन-लीग’ म्हणतात. तेथील बहुतेक खेळाडू दिवसा नोकरी करतात आणि संध्याकाळी सराव करतात. प्रेक्षक हजारांऐवजी शेकड्यांत मोजले जातात आणि क्लब बुडाला तर त्याची बातमी गावाबाहेर क्वचितच पोहोचते. अशाच एका क्लबाने बुडता बुडता मालकीचा वेगळा मार्ग शोधला. तो म्हणजे दक्षिण इंग्लंडमधील लुईस फुटबॉल क्लब.

मठाच्या आवारातले मैदान

लुईस हे ससेक्स परगण्यातील जेमतेम १७ हजार वस्तीचे गाव. ‘राइट्स ऑफ मॅन’ लिहिणारा टॉमस पेन १७६८ ते १७७४ या काळात येथे अबकारी अधिकारी म्हणून राहत होता. गावाच्या दक्षिण अंगाला, रेल्वे स्थानकापासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर क्लबचे मैदान आहे. त्याचे नाव ‘ड्रिपिंग पॅन’. मांस भाजताना गळणारी चरबी गोळा करण्यासाठी जे पसरट भांडे वापरतात, त्याला इंग्रजीत हे नाव आहे. मैदानाचा आकारही तसाच आहे. मध्ये खोलगट आयताकृती जमीन, भोवती गवताचे उंच बांध आणि शेजारी ‘द माउंट’ नावाची मातीची टेकडी.

ही जागा पूर्वी सेंट पँक्रस मठाच्या परिसरात होती. अकराव्या शतकात उभा राहिलेला हा मठ इंग्लंडमधील क्लुनी पंथाचा पहिला मठ मानला जातो. राजा आठव्या हेन्रीच्या काळात तो पाडण्यात आला. मठवासी येथे मीठ तयार करीत आणि त्यासाठीच हा खळगा खणला गेला, अशी एक समजूत आहे. तो बागेसाठी केला असावा, असे काही अभ्यासक म्हणतात. नावाचे कोडे पूर्णपणे सुटलेले नाही. मात्र अठराव्या शतकात येथे क्रिकेट खेळले जात होते, याच्या नोंदी आहेत.

क्लबची वाटचाल

सप्टेंबर १८८५ मध्ये गावातील ‘रॉयल ओक’ या पबमध्ये झालेल्या बैठकीत क्लबची स्थापना झाली. तेव्हापासून बहुतांश काळ ड्रिपिंग पॅन हेच त्याचे घर. कावळ्याच्या जातीतील ‘रूक’ या पक्ष्यावरून संघाला ‘द रूक्स’ म्हणतात. १९२० मध्ये सुरू झालेल्या ससेक्स काउंटी लीगचा हा संस्थापक सभासद. २६ डिसेंबर १९४७ रोजी शेजारच्या न्यूहेवन संघाविरुद्धच्या सामन्याला अडीच हजार प्रेक्षक आले होते. मैदानावरील गर्दीचा हा विक्रम म्हणून सांगितला जातो. १९६५ मध्ये क्लब अथेनियन लीगमध्ये आणि १९७७ मध्ये इस्थमियन लीगमध्ये गेला.

२००१ मध्ये एफए कपच्या पहिल्या फेरीत लुईसची गाठ स्टोक सिटीशी पडली. हा सामना ड्रिपिंग पॅनऐवजी स्टोकच्या मैदानावर खेळवण्यात आला आणि लुईस ०-२ ने हरला. छोटे मैदान हे वैभव असते आणि मर्यादाही, याचा हा अनुभव होता.

यशानंतरचे संकट

२००८ मध्ये कॉन्फरन्स साउथचे विजेतेपद मिळवून लुईस इतिहासात प्रथमच नॉन-लीगच्या सर्वोच्च विभागात पोहोचला. पण वरच्या विभागाचा खर्च पेलण्याइतके उत्पन्न नव्हते. विजेतेपद मिळवून देणाऱ्या प्रशिक्षकाला नव्या हंगामापूर्वीच जावे लागले, बहुतेक खेळाडूही पांगले. संघ तळाला राहून २००९ मध्ये खाली घसरला. पाठोपाठ थकलेल्या करांचे प्रकरण न्यायालयात गेले आणि क्लब दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आला.

२०१० मध्ये काही स्थानिक समर्थकांनी पुढाकार घेऊन क्लब ताब्यात घेतला. स्थापनेला १२५ वर्षे होत असल्याने त्यांच्या गटाचे नाव ‘रूक्स १२५’ असे होते. त्यांनी क्लबचे रूपांतर सभासदांच्या मालकीच्या संस्थेत केले. वार्षिक वर्गणी भरणारा प्रत्येक जण मालक आणि प्रत्येकाला एकच मत, मग त्याने कितीही रक्कम दिलेली असो. सहकारी चळवळीशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला हे तत्त्व नवे वाटणार नाही. पुढे जगभरातील दोन हजारांहून अधिक लोक या गावच्या क्लबाचे सभासद झाले.

नव्या व्यवस्थेत विजयांची हमी नव्हती. पुरुष संघ २०११ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये खाली उतरला. २०१८ मध्ये तो इस्थमियन लीगच्या प्रीमियर विभागात परतला. क्लब मात्र टिकला.

समान मानधनाचा निर्णय

जुलै २०१७ मध्ये लुईसने ‘इक्वॅलिटी एफसी’ मोहीम जाहीर केली. पुरुष आणि महिला संघांना समान निधी आणि समान मानधन देणारा हा जगातील पहिला व्यावसायिक किंवा निम-व्यावसायिक क्लब ठरला. दोन्ही संघांना एकच मैदान मिळाले. सट्टेबाजी कंपन्यांची जाहिरात न घेण्याची भूमिकाही क्लबने घेतली. पुरुष व महिला एफए कपच्या बक्षिसांतील तफावतीविरुद्ध त्याने जाहीर आवाज उठवला. २०२२ मध्ये महिला स्पर्धेची बक्षीस रक्कम सुमारे चार लाखांवरून तीस लाख पौंडांवर नेण्यात आली.

महिला संघ २०१८ मध्ये देशातील दुसऱ्या श्रेणीत दाखल झाला. १९ मार्च २०२३ रोजी महिला एफए कपच्या उपांत्यपूर्व फेरीत मँचेस्टर युनायटेडचा संघ ड्रिपिंग पॅनवर उतरला. लुईस १-३ ने हरला, तरी गावासाठी तो अभिमानाचा दिवस होता.

परंतु महिला फुटबॉलमध्ये बड्या क्लबांचा पैसा येऊ लागताच स्पर्धा विषम झाली. २०२३ मध्ये महिला संघाची बहुतांश मालकी एका गुंतवणूकदार गटाकडे देण्याबाबत बोलणी झाली, पण ती फलद्रूप झाली नाहीत. २०२४ मध्ये महिला संघाला दुसरी श्रेणी सोडावी लागली.

एक मत एक सभासद हे तत्त्व क्लबला बुडण्यापासून वाचवू शकते, पण वरच्या श्रेणीचा खर्च भागवू शकत नाही, हेच या इतिहासाचे सार आहे. मोठे होण्यासाठी मालकी सोडायची की मालकी राखून छोटे राहायचे, हा प्रश्न सभासदांपुढे पुन्हा पुन्हा येणार आहे. त्याचे उत्तर देण्याचा अधिकार गवताच्या बांधावर उभे राहून सामना पाहणाऱ्यांकडे राहिला, हे लुईसने २०१० मध्ये मिळवले.